पोटाखालची झडप

मराठीतला 'गतिरोधक' हा शब्द रस्त्याने केव्हाच आपल्या ताब्यात घेतला आहे. शाळेजवळ, ग्रामपंचायतीसमोर, साखर कारखान्याच्या फाटकापाशी डांबराचा आडवा उंचवटा येतो आणि त्याच्या आधी 'पुढे गतिरोधक आहे' ही पाटी. विमानातल्या 'स्पीड ब्रेक'ला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्यासमोर आला तेव्हा जो शब्द सर्वांत आधी सुचला तोच नेमका वापरता येण्याजोगा नव्हता. 'विमानातला गतिरोधक' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आकाशात कोणीतरी घातलेला डांबराचा उंचवटा उभा राहतो. 'वेगरोधक', 'वायुरोधक', 'मंदक' असे पर्याय आम्ही दोघांनी कागदावर मांडून पाहिले. परिभाषाकोशाच्या दृष्टीने त्यांतला एकही अशुद्ध नव्हता. पण ज्या बाईंना ही वस्तू समजावून सांगायची होती त्यांच्यापुढे त्यांतला एकही शब्द उच्चारण्याचा धीर आम्हांला झाला नाही.

प्रश्न आला होता आमच्या एका माजी विद्यार्थ्याकडून. अकरावी-बारावीला विज्ञान शाखेत असताना तो आमच्याकडे मराठी शिकला. पुढे अभियंता होऊन कॅलिफोर्नियात स्थायिक झाला. गेली काही वर्षे तो सुटीच्या दिवशी एका भाड्याच्या हँगरमध्ये स्वतःच्या हातांनी दोन आसनी विमान बांधतो आहे. अधूनमधून त्याची पत्रे येतात. त्यांपैकी एका पत्रात त्याने लिहिले होते : "सर, मॅडम, आईला फोनवर हे सांगता येत नाही. विमानाचे बोलणे काढले की ती ऐकून घेते, पण उतरताना ब्रेक कसा लावायचा याविषयी सांगू लागलो की गप्प होते. तुम्ही तिला आपल्या भाषेत सांगाल का?"

'आपल्या भाषेत' या शब्दप्रयोगात एक अडचण होती. आमची भाषा मराठी आणि काकूंचीही मराठीच. तथापि त्या दोन मराठींमध्ये एक घाट आहे. काकूंचे यजमान एस.टी.त चालक होते. चिपळूण-कराड मार्गावर, म्हणजे कुंभार्ली घाटातून, त्यांच्या आयुष्यातली निम्मी वर्षे गेली. निवृत्तीनंतर थोड्याच काळात ते वारले. उतारावरच्या ब्रेकविषयी काकूंना काही सांगायचे, म्हणजे त्या विषयात जन्म काढलेल्या माणसाच्या बायकोला सांगायचे, याची जाणीव ठेवूनच आम्ही आधी स्वतः अभ्यासाला बसलो. प्रस्तुत लेख हा त्या अभ्यासाचा आणि त्यातून सुचलेल्या काही विचारांचा वृत्तान्त आहे.

घरी विमान बांधणे ही कल्पना आपल्याकडे चमत्काराच्या कोटीत मोडते. कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांचे नाव मराठी वाचकांना परिचित आहे. २०१६च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात त्यांचे विमान मांडले गेले आणि २०१७ साली त्याची नोंदणी झाली. आपल्याकडे ती बातमी ठरली, कारण असा माणूस एखादाच. अमेरिकेत मात्र या छंदाला एक परंपरा आहे. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा हौशी बांधकऱ्यांची संघटना काढली आणि ऑशकॉश या गावी तिचा दरवर्षी मेळा भरतो. तिथल्या कायद्यानेही या विमानांसाठी स्वतंत्र वर्ग केला आहे. विमानाचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी माणसांनी शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी बांधलेला असला पाहिजे, ही त्याची मुख्य अट. असे विमान पहिले २५ किंवा ४० तास ठरवून दिलेल्या क्षेत्रातच उडवून तपासायचे असते. आणि आत चढण्याच्या जागी निदान दोन इंच उंचीच्या अक्षरांत 'एक्स्पेरिमेंटल' असा शब्द रंगवायचा असतो.

हा शब्द वाचून आमच्यासारख्या माणसांना पहिल्यांदा आठवावी ती प्रायोगिक रंगभूमी. मराठीत नाटकाचा 'प्रयोग' होतो आणि प्रयोगशाळेतही 'प्रयोग'च होतो. इंग्रजीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरी बांधलेले विमान हे दोन्ही अर्थांनी प्रयोग आहे, असे आम्हांला वाटते. त्याची संहिता दुसऱ्याने लिहिलेली असते; प्रत्येक बांधकरी तिचा आपल्या हँगरात एक प्रयोग लावतो आणि तो प्रयोग प्रेक्षागृहात पडला तर निदान प्रेक्षक सुखरूप घरी जातात, इतकी सवलत इथे नसते.

आमच्या विद्यार्थ्याच्या विमानाची संहिता बर्ट रुटान यांची. मोहावीच्या वाळवंटात बसून या माणसाने विमान बांधण्याची रीतच पालटून टाकली. ॲल्युमिनियमचे पत्रे आणि रिव्हेट यांच्याऐवजी त्यांनी फोमचे ठोकळे घेतले. तापलेल्या तारेने ते पंखाच्या आकारात कापले आणि त्यांवर काचतंतूचे कापड इपॉक्सीने चिकटवले. साचा नको, मोठी यंत्रे नकोत. मोटारीच्या गॅरेजात काम होते. १९७५ साली त्यांचे 'व्हॅरी-ईझी' लोकांसमोर आले आणि १९७९ साली त्याचा अधिक लांब पल्ल्याचा धाकटा भाऊ 'लाँग-ईझी' पहिल्यांदा उडाला. त्याच पद्धतीच्या पुढच्या टप्प्यावरचे त्यांचे 'व्हॉयेजर' हे विमान त्यांचे बंधू डिक रुटान आणि जीना यीगर यांनी १४ ते २३ डिसेंबर १९८६ या काळात कोठेही न थांबता, वाटेत इंधन न भरता, पृथ्वीभोवती फिरवून आणले.

लाँग-ईझी दिसायला विचित्र आहे. मोठा पंख मागे आणि छोटा पंख पुढे, नाकाजवळ. पंखा शेपटाकडे, म्हणजे तो विमानाला ओढत नाही, मागून ढकलतो. उभे करताना त्याचे पुढचे चाक आत घेतात, कारण वैमानिक खाली उतरला की वजन मागे जाते आणि विमान पाठीवर पडू पाहते. त्यामुळे हँगरात ते नाक जमिनीला टेकवून, पुढचे गुडघे मोडलेल्या बैलासारखे बसलेले असते. आमच्या विद्यार्थ्याने पाठवलेले पहिले छायाचित्र तसेच होते. काकूंनी ते पाहून विचारले होते, "आजारी आहे का?"

या विमानाचे सगळे सौंदर्य एका गुणात आहे : हवेला ते फारसे अडत नाही. काचतंतूची गुळगुळीत त्वचा, रिव्हेटची डोकी नाहीत, सांधे नाहीत. म्हणून थोड्या शक्तीत ते दूर जाते. आणि त्याचा उतरतानाचा प्रश्नही याच गुणातून जन्माला येतो. अडत नाही म्हणजे थांबत नाही.

हे गणित आम्ही आमच्यापुरते पुढीलप्रमाणे मांडले. धावपट्टीच्या वर तीनशे मीटर उंचीवर विमान ९० नॉट वेगाने, म्हणजे ताशी सुमारे १६७ किलोमीटरने चालले आहे असे समजा. या वेगात जेवढी ऊर्जा आहे तेवढीच ऊर्जा सुमारे ११० मीटर उंचीत असते. म्हणजे वैमानिकाजवळ दोन प्रकारची शिल्लक आहे. उंचीची तीनशे आणि वेगाची एकशे दहा. जमिनीवर येताना पहिली शून्य व्हायला हवी आणि दुसरी बरीच कमी. उतरायचे म्हणून त्याने नुसते नाक खाली केले तर उंचीच्या खात्यातून निघालेली रक्कम वेगाच्या खात्यात जमा होते. हवेने अजिबात अडवले नाही असे घटकाभर धरले तर तीनशे मीटर खाली येताना वेग ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास पोचेल. एवढ्या वेगाचे विमान धावपट्टीला टेकत नाही. तिच्यावरून सरळ निघून जाते. तेव्हा शिल्लक एका खात्यातून दुसऱ्यात फिरवून भागत नाही, ती खर्चच करावी लागते. हवेत ऊर्जा खर्च करण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे हवेला अडणे.

ज्या विमानाची सारी रचना न अडण्यासाठी केली त्यालाच शेवटच्या काही मिनिटांसाठी अडणे शिकवायचे, असा हा पेच आहे. तो नवा नाही. १९३०च्या दशकात जर्मनीत ग्लायडर जसजसे सुडौल होत गेले तसतसे त्यांच्या पंखांत ब्रेक बसवावे लागले. आजच्या काही वेगवान घरबांधणीच्या विमानांत पंखाच्या पाठीतून दोन लहान पात्या कळ दाबताच वर येतात. त्यांचा उपयोग मुख्यतः मोठ्या उंचीवरून खाली येताना होतो. इंजिनाची शक्ती एकदम काढून ते झटकन थंड पडू द्यावे, हे पुष्कळ वैमानिकांना रुचत नाही. ते शक्ती थोडी राखतात आणि पात्या उघडून वेग आटोक्यात ठेवतात. सर्वसाधारण विमानांत उतरताना मोठ्या पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप खाली येतात. त्यांनी उचलही वाढते आणि अडथळाही. लाँग-ईझीला ही सोय घेता येत नाही. तिचा मोठा पंख मागे असल्यामुळे तिथे फ्लॅप सोडले तर वाढलेली उचल गुरुत्वमध्याच्या मागे लागते आणि नाक खाली दाबले जाते. ते नाक वर धरून ठेवण्याचे बळ पुढच्या छोट्या पंखात नसते.

म्हणून रुटान यांनी ब्रेक ठेवला तो पोटाखाली. वैमानिकाच्या आसनाच्या खालच्या बाजूला, पोटाच्या त्वचेचाच एक आयताकृती तुकडा कापून केलेली पाटी. मिटलेली असताना ती पोटाशी इतकी एकजीव होते की ओळखू येऊ नये. पुढच्या कडेला बिजागरी. वैमानिक हाताजवळचा दांडा ओढतो, पाटीची मागची कड खाली लोंबते आणि समोरून येणारी हवा तिच्यावर आदळते. उड्डाणपुस्तिकेत तिला 'लँडिंग ब्रेक' म्हटले आहे. बोलताना वैमानिक 'स्पीड ब्रेक' म्हणतात. ती उघडण्याची वेगमर्यादा सुमारे ९० नॉट आहे. तिचा उपयोग करण्याची रीत साधी आहे : धावपट्टीच्या रेषेत येण्यापूर्वी वेग मर्यादेच्या खाली आणायचा, मग पाटी उघडायची, म्हणजे त्याच वेगाने विमान अधिक तीव्र उतारावरून खाली येते. नाक पूर्वीपेक्षा खाली झुकते, तरी वेग वाढत नाही.

एवढी तयारी करून आम्ही एका रविवारी काकूंकडे गेलो. वीजबिलाच्या पाठीवर चित्र काढले. शिल्लक, खाते, खर्च या रूपकांतून ऊर्जेचे गणितही सांगितले. काकूंनी सगळे शांतपणे ऐकले आणि चित्रातल्या पोटाखालच्या पाटीवर बोट ठेवून म्हणाल्या, "म्हणजे झडप."

परिभाषेचा प्रश्न तिथे सुटला. ब्रेक हा शब्द त्यांच्या घरात चाळीस वर्षे मराठीच होता, त्याला प्रतिशब्दाची गरज नव्हती. आणि जिला बिजागरी आहे, जी उघडते आणि मिटते, ती झडप. 'उघडझाप' हा जिचा धर्म आहे तिला दुसरे नाव शोधण्याची त्यांना आवश्यकता वाटली नाही. या लेखात आम्ही इथून पुढे तोच शब्द वापरणार आहोत.

मग त्या बोलू लागल्या. "बाई, वर जायची भीती नाही वाटत मला. चढताना गाडी रडते, पण ऐकते. उतरताना ऐकत नाही. ज्या गिअरात घाट चढलात त्याच गिअरात उतरा, असं हे नव्या पोरांना सांगायचे. नुसत्या ब्रेकवर घाट उतरणाऱ्याचे ब्रेक तापतात, मग ऐन वळणावर पाय दाबला तरी काही होत नाही." त्यांनी सांगितले की यजमान रात्री कराडकडून परत यायचे तेव्हा त्या जाग्या असत, आणि गाडी चिपळूणच्या स्थानकात लागल्याची वेळ उलटेपर्यंत झोपत नसत. जाताना, म्हणजे घाट चढताना, त्यांनी कधी काळजी केली नाही. मुलगा ब्रेकविषयी बोलू लागला की त्या गप्प का होतात, याचे उत्तर आम्हांला न विचारता मिळाले. तो त्यांना धीर देण्यासाठी जे सांगत होता त्यातून त्यांना एवढेच कळत होते की मुलाच्याही वाट्याला उतार आला आहे.

सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या माणसाला हे ज्ञान वारशाने मिळालेले असते. 'उतारावर वाहन न्यूट्रल करू नये' ही घाटातली पाटी आपण सगळेच वाचत आलो आहोत. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटातल्या लोहमार्गाचा उतार सदतीसास एक आहे. तो उतरण्यापूर्वी गाड्या थांबवून ब्रेक तपासून घेतात. डेक्कन क्वीनने प्रवास करणाऱ्या कितीजणांना घाटमाथ्यावरच्या त्या थांब्याचे कारण ठाऊक असेल, सांगता येत नाही. तिथे उतरणारे कोणी नसते, चढणारेही कोणी नसते. गाडी फक्त आपल्याला थांबता येते ना, याची खात्री करून घेते.

निघताना काकूंनी एकच प्रश्न विचारला. "आणि ती मिटायची राहिली तर?"

प्रश्न अचूक होता. धावपट्टीवर ऐनवेळी गुरे आली, दुसरे विमान आले, वारा फिरला, तर वैमानिकाला उतरणे सोडून पुन्हा वर जावे लागते. त्या क्षणी त्याचे दोन्ही हात आणि सगळे चित्त गुंतलेले असते. झडप उघडीच राहिली तर विमान चढते, पण जड पायांनी चढते. समोर झाडे असतील तर तेवढा फरक पुष्कळ होतो. आम्ही पुस्तिकेत वाचलेले त्यांना सांगितले : वेग मर्यादेच्या थोडा वर गेला की वाराच झडपेला मागून वर लोटतो आणि ती आपोआप मिटते, त्याहून कमी वेगात मात्र हातानेच मिटवावी लागते. काकू थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "म्हणजे वाऱ्यालाही कळतं. पण उशिरा."

हे सारे आम्ही विद्यार्थ्याला जसेच्या तसे लिहून कळवले. त्याच्या उत्तरामुळे या विषयाला असे एक अंग लाभले की ज्यासाठी तो या पानावर मांडावासा वाटला.

लाँग-ईझीच्या आराखड्यांची विक्री रुटान यांच्या कंपनीने १९८५ साली थांबवली. तेव्हापासून ही विमाने हातोहात फिरतात. एकाने पंख केलेले असतात, दुसऱ्याने धड, तिसरा इंजिन बसवतो. आराखड्यांच्या प्रती, त्यांच्या समासांतल्या टिपा, बदल सुचवणारे कागद हे सारे विमानाबरोबर नव्या मालकाकडे येते. कंपनी 'कॅनार्ड पुशर' नावाचे वार्तापत्र काढीत असे. त्यात आराखड्यांतल्या दुरुस्त्या छापून येत आणि बांधकऱ्याने त्या आपल्या प्रतीत स्वतः उतरवून घ्यायच्या असत. जुन्या पोथ्यांच्या पाठचिकित्सेशी ज्याचा थोडाही संबंध आला आहे त्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. मूळ संहिता, शुद्धिपत्र, लेखनिकाने घातलेली भर, पाठभेद, प्रक्षेप. फरक इतकाच की इथे चुकीच्या पाठाने अर्थ बिघडत नाही, माणूस जातो.

आमच्या विद्यार्थ्यानेही हे विमान अर्धवट अवस्थेत विकत घेतले होते. आधीच्या बांधकऱ्याने झडपेचा हाताचा दांडा काढून तिथे विजेची मोटार बसवण्याची तयारी केली होती. असे पुष्कळजण करतात. दांड्याला जागा लागते, जोर लागतो. मोटारीला एक कळ पुरते. परंतु स्क्रूच्या मोटारीने धरून ठेवलेली झडप वाऱ्याच्या जोराने मिटत नाही. वेग वाढला तर तिला मिटवणारा वेगळा स्विच बसवावा लागतो, आणि स्विच हा पुन्हा माणसाने आठवणीने जोडायचा. रचनाकाराने एका बिजागरीच्या जागेतून आणि एका स्प्रिंगमधून जी क्षमा संहितेत ठेवली होती ती सोयीच्या भरात निघून जाते, आणि काढणाऱ्याला ती तिथे होती हे कळतही नाही. विद्यार्थ्याने लिहिले : "मोटार बसवावी की नाही, हे ठरत नव्हते. आईच्या प्रश्नानंतर आराखड्यातले ते पान पुन्हा वाचले. दांडाच ठेवतो आहे."

आम्ही वर्गात रोलाँ बार्तचा १९६७चा 'लेखकाचा मृत्यू' हा निबंध शिकवतो. संहिता लेखकाच्या हातून सुटली की तिचा अर्थ वाचकाच्या ठायी जन्म घेतो, हा विचार विद्यार्थ्यांना आवडतो. त्यात त्यांना मोकळे वाटते. आम्हांलाही तो विचार मोलाचा वाटतो आणि पुढेही वाटत राहील. पण विमानाचा आराखडा हीही एक संहिता आहे आणि बांधकरी हा तिचा वाचक. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात माँटेरेच्या समुद्रात लाँग-ईझी कोसळून गेला. विमान त्याने बांधलेले नव्हते. नुकतेच विकत घेतलेले होते. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याची कळ वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये, समोर आहे. बांधकऱ्याने ती त्याच्या डाव्या खांद्याच्या मागे नेली होती. चौकशीचा निष्कर्ष असा की ती फिरवण्यासाठी वळताना वैमानिकाचे लक्ष विचलित झाले, नकळत उजव्या रडरवर पाय पडला आणि विमान ताब्यातून गेले. उड्डाणापूर्वीच्या तयारीतल्या उणिवेबरोबरच कळीची ती अवघड, खुणा नसलेली जागा हेही अपघाताला कारणीभूत घटक म्हणून नोंदले गेले.

बांधकऱ्याने ती कळ मागे नेली ती वाईट हेतूने नव्हे. वैमानिकाच्या कक्षात इंधनाची नळी येऊ नये, असा विचार त्यामागे असल्याचे सांगतात. त्याचे वाचन समंजस होते, स्वतंत्र होते. फक्त संहितेतल्या त्या जागेला काय काय बांधलेले आहे, हे त्या वाचनात आले नाही. वाचकाचे स्वातंत्र्य आणि वाचकाची जबाबदारी या विषयावर आम्ही पुष्कळ परीक्षापत्रे काढली आहेत. यापुढे ती काढताना ही कळ आणि ही झडप आमच्या मनात असेल. बदल करू नये, असे आमचे म्हणणे नाही. रुटान यांनी स्वतः परंपरेत जेवढे बदल केले तेवढे क्वचित कोणी केले असतील. जे काढून टाकायचे ते तिथे का होते, हे आधी वाचावे, एवढेच.

शेवटी पुन्हा भाषेकडे. आपल्या सत्कारसमारंभांची भाषा तपासली तर तीत भरारी आहे, झेप आहे, उत्तुंगता आहे. उतरण्याचा गौरव मात्र कोठे नाही. उतारवय, उतरती कळा, पायउतार होणे, चेहरा उतरणे, भाव उतरणे. या क्रियापदाच्या वाट्याला बहुधा अपकीर्तीच आली आहे. आम्ही दोघेही चाळिशी उलटलेले आहोत, त्यामुळे हे जरा अधिक जाणवते, असेही असेल. परंतु त्याच भाषेत माणूस कसोटीला उतरतो, गोष्ट गळी उतरते, चित्र हुबेहूब उतरते, विषावर उतारा असतो. आणि दुसऱ्याचे वचन आपण आपल्या लेखनात आणतो तेव्हा त्याला 'अवतरण' म्हणतो, म्हणजे खाली येणेच. जे वर होते ते जमिनीवर, आपल्या हाताला लागेल असे येणे. भाषेला हे ठाऊक आहे की काही गोष्टी वर असेपर्यंत नुसत्या दिसतात. उतरल्यावरच त्या खऱ्या होतात.

विमान अजून उडालेले नाही. सध्या धावपट्टीवर ते नुसते चालवून पाहण्याच्या चाचण्या सुरू आहेत. त्यानंतर तपासणी, आणि मग ठरलेल्या तासांची परीक्षणउड्डाणे, ज्यांत वैमानिकाने एकट्यानेच जायचे असते. विद्यार्थ्याने आता रविवारचा फोन ठरवून उशिरा, हँगरमधून घरी परतल्यावर करायला सुरुवात केली आहे. काकूंशी त्याचे बोलणे पूर्वीपेक्षा मोकळे होते, असे दोघांकडूनही कळते. दांड्याला किती जोर लागतो, झडपेच्या बिजागरीला तेल घातले का, हे त्या विचारतात. परवा बाजारात भेटल्या तेव्हा हातात भाजीची पिशवी होती. म्हणाल्या, "पहिल्या दिवशी तो वर गेला की मला फोन नका करू म्हटलंय. उतरला की कर."